दोर सुटण्याआधी

मॅजिक किंग्डमची वेळ सकाळी नऊची. अमेरिकेत ऑर्लंडोजवळ असलेलं डिस्ने कंपनीचं हे पार्क जगात सगळ्यात जास्त गर्दी खेचतं. २०२३ या एका वर्षात तिथं सुमारे १ कोटी ७७ लाख माणसं आली, म्हणजे दिवसाला सरासरी अठ्ठेचाळीस हजारांच्या वर. यातला जो माणूस ‘नऊला उघडतंय ना, मग नऊला पोचू’ असं म्हणून निघतो, त्याला आत पाऊल टाकेपर्यंत साडेनऊ-पावणेदहा सहज होतात. कारण गाडीतळ आणि पार्कचं दार यांच्यामध्ये एक अख्खं तळं आहे. गाडी लावायची, तिकीटघराच्या आवारापर्यंत यायचं, पिशव्या तपासून घ्यायच्या, मग मोनोरेलनं तळ्याला वळसा घालायचा नाहीतर फेरीबोटीनं ते ओलांडायचं. एवढं झाल्यावर दार दिसतं, आणि तिथं आपल्या आधी आलेली हजारो माणसंही दिसतात.

ही माणसं वेडी नाहीत. लहान पोरांना झोपेतून उठवून, तोंडात बिस्किट कोंबून, अर्धवट अंधारात घराबाहेर काढणं कुणालाच आवडत नाही. तरी ती काढतात, कारण थीम पार्कमधला पहिला तास आणि चौथा तास यांची किंमत सारखी नसते, हे त्यांना अनुभवानं ठाऊक झालेलं असतं. लवकर जाण्याचा फायदा खरोखर किती, कुणाला, आणि तो अजून पूर्वीइतकाच उरला आहे का, हे मात्र नीट मांडून पाहण्याजोगं आहे.

आधी प्रत्यक्ष काय घडतं ते पाहू. अधिकृत वेळेच्या बरंच आधी दार उघडून लोकांना मेन स्ट्रीटवर सोडतात. हा दारापासून राजवाड्यापर्यंत जाणारा सरळ रस्ता. दुतर्फा दुकानं, कॉफीचा वास, बाबागाड्यांची दाटी, बापाच्या खांद्यावर पेंगणारी पोरं. रस्ता संपतो तिथल्या गोल चौकात या गर्दीचे दोन भाग होतात. कर्मचारी हातातलं यंत्र पुढं करतात, पाहुण्यानं मनगटावरचा पट्टा किंवा तिकिटाचं कार्ड त्याला टेकवायचं. डिस्नेच्या हॉटेलात उतरलेला असेल तर फँटसीलँड आणि टुमॉरोलँड या भागांकडे साडेआठलाच वाट मोकळी. नसेल तर दोराच्या अलीकडे थांबायचं. नऊ वाजता राजवाड्यासमोर स्वागताचा छोटा कार्यक्रम होतो, दोर बाजूला होतो आणि गर्दी सुटते. पुढं कर्मचारी मुद्दाम संथ चालत असतात, कुणी धावू नये म्हणून. या सगळ्या प्रकाराला तिथं ‘रोप ड्रॉप’ म्हणतात, आणि त्यासाठी पहाटे उठणाऱ्यांची एक मोठी जमातच आहे.

आता गणित. समजा, एक राइड तासाला हजार माणसं फिरवते. नऊ ते दहा या वेळात तिच्याकडे सोळाशे माणसं आली. हजार बसून गेली, सहाशे उरली. म्हणजे दहा वाजता येणाऱ्याला छत्तीस मिनिटं थांबावं लागणार. पुढच्या तासात पुन्हा सोळाशे आली की अकरा वाजता बाराशे माणसं उभी, थांबणं बहात्तर मिनिटांचं. इथवर सगळ्यांच्या लक्षात येतं. चटकन लक्षात येत नाही ती यापुढची गोष्ट. अकरानंतर गर्दीचा ओघ कमी होऊन तासाला बरोबर हजारच माणसं येऊ लागली, तरी रांग कमी होत नाही. जेवढी बसतात तेवढीच नवी येतात, आणि ती बाराशेची रांग दुपारभर तशीच उभी राहते. सकाळच्या दोन तासांत साचलेलं ओझं संध्याकाळपर्यंत प्रत्येक नवा माणूस वाहत असतो. नऊ वाजून पाच मिनिटांनी आलेल्याला ते वाहावं लागत नाही, एवढाच त्याचा फायदा. पण तो फार मोठा आहे.

अर्थात दाराबाहेरचं थांबणंही थांबणंच, आणि पहाटे उठणारे ते हिशेबात धरायला विसरतात. दारात पाऊण तास उभं राहायचं आणि पहिल्या दीड तासात चार राइड दहा-दहा मिनिटांच्या रांगेत उरकायच्या, तर एकूण थांबणं झालं पंच्याऐंशी मिनिटं. त्याच चार राइड अकरानंतर प्रत्येकी तासाच्या रांगेनं केल्या तर चार तास. अडीच तास वाचले. मात्र पाऊण तासाऐवजी दोन तास आधी येऊन बसलं, तर वाचलेल्या वेळातली सव्वा तासाची गंगाजळी तिथंच आटते. दारापाशी पाचवा असलेला आणि तीनशेवा असलेला, दोघांच्या पहिल्या राइडमधलं अंतर पंधरा-वीस मिनिटांचंच असतं.

राइडची निवडही तेवढीच महत्त्वाची. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मध्ये एकामागून एक होड्या सुटत राहतात. ‘हाँटेड मॅन्शन’मध्ये तर गाड्यांची न थांबणारी साखळीच फिरते. या राइड गर्दी गिळून टाकतात, त्यांच्यावर सकाळची सोन्यासारखी वेळ घालवू नये. उलट ‘पीटर पॅन्स फ्लाइट’ १९७१ पासूनची, छोट्या उडत्या जहाजांची. एका जहाजात दोन-तीन माणसं बसतात. चार वर्षांच्या मुलापासून आजीपर्यंत सगळ्यांना हवी, आणि क्षमता बेताची. तिची रांग दिवसभर हटत नाही. डंबो हत्तीच्या पाळण्याचंही तेच होतं. २०१२ मध्ये कंपनीनं शेजारी दुसरा पाळणा उभारला आणि रांगेच्या जागी खेळघराचा तंबू ठोकला. पालकांच्या हाती वाजणारं यंत्र द्यायचं, मुलांनी घसरगुंडीवर खेळायचं, यंत्र वाजलं की पाळण्याकडे जायचं. रांगेवर शोधलेल्या उपायांमधला हा सर्वांत माणुसकीचा म्हणायला हरकत नाही.

ज्याच्याकडे डिस्नेच्या हॉटेलची खोली नाही, त्यानं नऊच्या ठोक्याला पीटर पॅनकडे धाव घेणं व्यर्थ आहे. अर्धा तास आधी सोडलेल्या पाहुण्यांनी ती रांग भरून ठेवलेली असते. त्याला शहाणपणाची वाट डावीकडची. ॲडव्हेंचरलँडमध्ये ‘जंगल क्रूझ’ची होडी त्याच्याइतकीच नुकती जागी झालेली असते.

राइडबाहेरच्या फलकावर प्रतीक्षेची जी मिनिटं झळकतात, ती मोजण्याची एक जुनी रीत पाहण्यासारखी आहे. रांगेच्या तोंडाशी उभा असलेला कर्मचारी एखाद्या पाहुण्याच्या हाती लाल कार्ड देतो. तो पाहुणा ते गळ्यात किंवा हातात घेऊन रांगेतून पुढं सरकतो आणि राइडच्या दाराशी दुसऱ्या कर्मचाऱ्याला परत करतो. मधली मिनिटं फलकावर जातात. म्हणजे फलक दाखवतो ती पुष्कळदा आपल्या आधी आत गेलेल्या माणसाची वेळ असते. सकाळी रांग झपाट्यानं वाढत असताना या फरकाची झळ बसते.

राइडला रांग लागणं नवीन नाही. पण लवकर येण्याला आज जे मोल आलंय, त्याची मुळं तिकिटाच्या एका बदलात आहेत. मॅजिक किंग्डम ज्याचा भाग आहे ते वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलं तेव्हा साधा प्रवेश साडेतीन डॉलरचा होता आणि राइडसाठी वेगळी कुपनं लागत. ए पासून ई पर्यंत पाच दर्जे. साधा घोड्यांचा पाळणा स्वस्त कुपनात, सर्वांत थरारक राइड ई कुपनात. पुस्तिकेत ई कुपनं मोजकीच असत. ती संपली की माणूस आपोआप बी आणि सी कडे वळे. गर्दी पांगवण्याचं काम पैसा करत होता. १९८२ मध्ये एपकॉट हे दुसरं पार्क आलं आणि कुपनं गेली. एकदा तिकीट काढा, हव्या तेवढ्या राइड करा. तेव्हापासून प्रत्येक राइडची किंमत पैशात शून्य झाली आणि ती वेळेत वसूल होऊ लागली.

अर्थशास्त्रज्ञांना हा विषय फार आवडलेला दिसतो. वॉल्टर ओय यांनी १९७१ मध्येच डिस्नेलँडच्या दुहेरी तिकिटावर लिहिलेला निबंध आजही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वाचावा लागतो. पुढं १९८७ मध्ये रॉबर्ट बॅरो आणि पॉल रोमर (याच रोमर यांना २०१८ मध्ये नोबेल मिळालं) यांनी बर्फावरच्या स्की-लिफ्टचं उदाहरण घेऊन दाखवलं की, दिवसाचं तिकीट ठरावीक ठेवलं तरी दर फेरीचा भाव गर्दीप्रमाणे आपोआप बदलत असतो. गर्दी वाढली की एका तिकिटात कमी फेऱ्या होतात, म्हणजे प्रत्येक फेरी महाग पडते. त्यांचं बोट धरून एक पाऊल पुढं टाकता येतं. एकाच दिवशी, एकाच तिकिटावर, पहाटे आलेल्याला राइड स्वस्त पडते आणि उशिरा आलेल्याला महाग. २०२५ च्या नाताळात मॅजिक किंग्डमचं एका दिवसाचं तिकीट १९९ डॉलरवर गेलं होतं. दिवसभरात सहा राइड केल्या तर एक राइड तेहतीस डॉलरला पडली, बारा केल्या तर साडेसोळाला. हा फरक मिळवायला कष्टाखेरीज काही लागत नव्हतं. घड्याळाचा गजर सगळ्यांकडे असतो. महागड्या सुइटमध्ये उतरलेला आणि वीस मैलांवरच्या स्वस्त मोटेलात उतरलेला, दोघांना पहाट सारखीच होती.

आता ती तशी राहिलेली नाही. या सगळ्या विषयात मनाला लागणारी गोष्ट हीच आहे.

१९९९ मध्ये फास्टपास आला तो फुकट होता. राइडजवळच्या यंत्रातून कागदाची चिठ्ठी काढायची, तिच्यावर छापलेल्या वेळी परत यायचं, छोट्या रांगेतून आत जायचं. सकाळी आलेल्याला चांगल्या वेळेच्या चिठ्ठ्या मिळत, म्हणजे तीही व्यवस्था मेहनतीलाच मान देणारी होती. कोविडच्या बंदीत ही फुकटची सोय थांबली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्या जागी पैसे भरून मिळणारी लायटनिंग लेन आली. हॉटेलच्या पाहुण्यांना डिस्ने वर्ल्डच्या चारही पार्कांत रोज अर्धा तास आधी प्रवेश देणं याच महिन्यात सुरू झालं. त्याआधीही त्यांना एखाद्या पार्कात तासभर आधी सोडत असत, आणि २०१६ पासून मॅजिक किंग्डममध्ये काही ठरावीक दिवशी वेगळं तिकीट काढून, न्याहारीसकट, पार्क उघडण्याआधीच्या राइड विकत मिळत. २०२४ च्या शेवटी ‘प्रीमियर पास’ आला. वेळ ठरवायला नको, प्रत्येक लायटनिंग लेनमध्ये एकदा, केव्हाही शिरा. सुरुवातीचा त्याचा दर पार्क आणि दिवस पाहून माणशी १२९ ते ४४९ डॉलर, प्रवेशाचं तिकीट वेगळं. शिर्डीच्या सशुल्क दर्शनपासाची सवय झालेल्या मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही.

पैसे भरलेल्यांची रांग साध्या रांगेचं काय करते, तेही आकड्यांतच कळतं. तासाला हजार माणसांच्या त्याच राइडवर सहाशे जागा पैसे भरलेल्यांना राखून ठेवल्या, तर साध्या रांगेला उरल्या चारशे. मघाच्या सहाशे माणसांना आता छत्तीस मिनिटांऐवजी दीड तास. राइड तीच, वेग तोच, माणसंही तेवढीच. म्हणून जुन्या प्रवासमार्गदर्शकांतला ‘लवकर जा’ हा सल्ला आज कालबाह्य होण्याऐवजी उलट अधिक खरा ठरतो. सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात ही दुसरी रांग सुरू झालेली नसते, नंतरही तिला भर यायला वेळ लागतो. तोवर राइडच्या सगळ्या जागा साध्या माणसाच्या असतात. पैसे न भरणाऱ्यासाठी दिवसातली तेवढीच वेळ उरली आहे, आणि तिच्यातलाही अर्धा तास हॉटेलच्या भाड्यात गेला. करमणुकीचा धंदा चालवणाऱ्यांनी नफा कमवू नये असं कुणी म्हणणार नाही. पण मुलांसाठी म्हणून उभ्या केलेल्या जागेत, दारातल्या चौकात, एका मुलाला आत सोडायचं आणि शेजारच्याला दोराच्या अलीकडे थांबवायचं, हे दृश्य चांगलं नाही.

मधल्या काही वर्षांत तर लवकर पोचण्याचा अर्थच पालटला होता. ५ डिसेंबर २०१९ रोजी डिस्नेच्याच हॉलिवूड स्टुडिओज पार्कात ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’ ही स्टार वॉर्सची राइड सुरू झाली. तिला रांग नव्हती, फोनवर क्रमांक घ्यायचा होता, पण त्यासाठी उघडण्याच्या वेळी पार्कात हजर असणं सक्तीचं होतं. लोक काळोखात येऊन उभे राहू लागले, आणि दिवसभराचे क्रमांक काही मिनिटांत संपू लागले. पुढं हजेरीची अट गेली आणि सकाळी सातला कुठूनही, अंथरुणातूनसुद्धा, क्रमांक घेता येऊ लागला. २०२३ च्या एप्रिलमध्ये मॅजिक किंग्डमला आलेल्या ‘ट्रॉन’ या राइडचंही सप्टेंबर २०२४ पर्यंत असंच चाललं. पाय लवकर पोचण्यापेक्षा बोट लवकर चालणं महत्त्वाचं ठरलं. लायटनिंग लेनचं आरक्षणही ऑर्लंडोच्या सकाळी सातलाच उघडतं, हॉटेलच्या पाहुण्यांना सात दिवस आधी, इतरांना तीन दिवस. अमेरिकेत उन्हाळा असेल तर तेव्हा भारतात दुपारचे साडेचार वाजलेले असतात. ठाण्यात चहा पिता पिता ते करता येतं. त्या वेळी ऑर्लंडोत असलेल्याला मात्र झोपमोड करावी लागते.

लवकर जाऊन काहीच हाती न लागण्याचे दिवसही असतात. युनिव्हर्सल कंपनीच्या ऑर्लंडोतल्या पार्कात १३ जून २०१९ रोजी हॅरी पॉटरच्या गोष्टीतल्या हॅग्रिडच्या मोटरसायकलची राइड उघडली, आणि पहिल्याच दिवशी रांग दहा तासांवर गेली. नव्या राइडच्या पहिल्या दिवसाला सकाळ अशी नसतेच. शिवाय नवी यंत्रं कुरकुरतात, पहिल्या तासातच बंद पडतात, आणि त्यांच्यासाठी पहाटे उठलेला माणूस तिथंच अडकून पडतो. जुन्या, रुळलेल्या राइडसाठी लवकर जावं, नवीसाठी महिनोन् महिने थांबावं, हे बरं.

जपानमध्ये या सवयीला वेगळंच रूप आलंय. टोकियो डिस्नेलँडच्या दारासमोर लोक उघडण्याच्या कितीतरी आधी येऊन छोट्या चटया अंथरून बसतात. ढकलाढकली नाही, आवाज नाही. गर्दी पाहून पार्क जाहीर वेळेआधीच दार उघडतं, असं तिथं वरचेवर घडतं. म्हणजे नऊला उघडणाऱ्या पार्कला नऊला पोचणारा मनुष्य तिथंही उशिराच पोचतो. हॉटेलच्या पाहुण्यांना तिथं पंधरा मिनिटं आधी सोडतात. २०२४ च्या जूनमध्ये शेजारच्या डिस्नेसीमध्ये ‘फँटसी स्प्रिंग्ज’ हा नवा भाग उघडला, तेव्हा सुरुवातीचे काही महिने पासाशिवाय किंवा तिथल्या हॉटेलच्या खोलीशिवाय त्या भागात पाऊलच टाकता येत नव्हतं.

आपल्याकडे मार्व्याहून लाँचनं गोराईच्या एस्सेलवर्ल्डला गेलेली एक अख्खी पिढी आहे. पण आजचा मराठी हिशेब खोपोलीचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गापासून जवळ, खोपोली-पाली रस्त्यावर, सांगडेवाडीला २०१३ मध्ये इमॅजिका उघडलं. तिथली ‘नायट्रो’ ही पाय लोंबकळत ठेवून बसायची रोलर कोस्टर, सुमारे चाळीस मीटर उंच. हे पार्क ऑर्लंडोसारखं भल्या सकाळी उघडत नाही, कारण त्याचा पाहुणा सहसा हॉटेलातून चालत येत नाही. तो मुंबई, ठाणे, पुण्याहून सकाळी निघतो आणि रात्री घरी परततो. त्यामुळे सगळे जवळपास एकाच वेळी येतात. शनिवार-रविवारी आणि डिसेंबर-जानेवारीच्या सहलींच्या दिवसांत हा फरक ठळक होतो. शाळेची एक बस रिकामी झाली की पन्नास मुलं एकाच राइडकडे वळतात, कारण त्यांना एकमेकांना सोडून जायचं नसतं. तिकीटखिडकीऐवजी आधी काढलेलं तिकीट हाती असणं, दारात अर्धा तास आधी असणं, आणि आत गेल्यावर सर्वांत जवळची राइड टाळून थेट नायट्रोकडे जाणं, एवढ्यानं तिथला दिवस सुधारतो. आडदिवशी, म्हणजे मंगळवारी-बुधवारी गेलं, तर लवकर उठण्याची फारशी गरजही पडत नाही. वाराची निवड तिथं घड्याळाहून मोठी. इमॅजिकातही जादा पैशांचं एक्स्प्रेस तिकीट मिळतं, म्हणजे दोन रांगांचा प्रश्न खोपोलीलाही पोचलेला आहे.

ऑर्लंडोला जाणारी मराठी कुटुंबं आता कमी नाहीत. कुणी न्यू जर्सीतल्या मुलाकडे उन्हाळा काढायला गेलेले आजी-आजोबा असतात, कुणी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या गटसहलीत. गटसहलीत सकाळची वेळ बसच्या आणि न्याहारीच्या हाती असते, तिथं हे सगळं शहाणपण फारसं कामाचं नाही. स्वतःच्या पायांवर जाणाऱ्यांसाठी मात्र एक गोष्ट फार सोयीची आहे. भारतातून थेट तिथं उतरलेल्याचं शरीर पहिले तीन-चार दिवस आपल्याच घड्याळावर चालतं. उन्हाळ्यात ऑर्लंडोचे पहाटेचे चार म्हणजे आपल्याकडचे दुपारचे दीड. डोळा आपसूक उघडतो. पार्कच्या दाराशी सव्वाआठला उभं राहणं अमेरिकन कुटुंबाला जड जातं, नुकत्याच पोचलेल्या मराठी कुटुंबाला नाही. उलट दुपारी एकनंतर, म्हणजे आपल्या रात्री साडेदहानंतर, हेच कुटुंब ढेपाळतं. मुलं किरकिरी होतात, आजोबा बाकड्यावर बसतात.

आणि नेमकं तेव्हाच फ्लोरिडाचं आभाळ भरून येतं. जून ते सप्टेंबर दुपारी गडगडाट ठरलेला. अमेरिकेत विजा सर्वाधिक पडतात त्या प्रदेशांत फ्लोरिडा अग्रभागी आहे, आणि वीज जवळ आली की उघड्यावरच्या सगळ्या राइड थांबवतात. म्हणून रांगांचा विचार बाजूला ठेवला, तरी तिथल्या उन्हाळ्यात सकाळ ही कोरडी आणि चालू राइडची वेळ असते. साडेअकरा-बारापर्यंत मुख्य राइड उरकाव्यात, हॉटेलात परत जाऊन पडदे ओढून दोन-तीन तास झोपावं, आणि पावसानं धुतलेल्या पार्कात संध्याकाळी पुन्हा यावं. त्याच तिकिटावर परत आत सोडतात. आतषबाजी सुरू असताना बरेच लोक राजवाड्यासमोर गोळा झालेले असतात, त्या वेळी दूरच्या कोपऱ्यातल्या राइड मोकळ्या मिळू शकतात. आणि पार्क बंद होण्याच्या एक मिनिट आधी जो रांगेत शिरला, त्याला राइड मिळते, मग त्याच्या पुढं शंभर माणसं असोत की सहाशे.